‘त्या काळी’ म्हणजे कोणाच्या काळी?

‘जुन्या काळाला आजची मापे लावू नका,’ असे बजावणाऱ्या विद्वद्वर्यांना एकच विचारावेसे वाटते : तो काळ कोणाचा? चोखोबांना देवळाबाहेर उभे करणारे तेवढे त्या काळाचे, आणि हा विटाळ आला कोठून, असे अभंगांतून रोखठोक विचारणारे चोखोबा काळाबाहेरचे काय? ‘काळ तसा होता’ म्हणणारा वस्तुतः त्या काळातील एकाच पक्षाची साक्ष नोंदवून घेतो. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा गेले. समाधी झाली ती पंढरीच्या महाद्वारासमोर, बाहेर. आतला मार्ग त्यांच्या ज्ञातीला मोकळा झाला तो १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणास लावले तेव्हा. सहाशे नऊ वर्षे!

मानवी प्रतिष्ठा ही पाश्चात्त्यांची देणगी, असे म्हणून सुटू पाहणाऱ्यांनी स्पेनकडे पाहावे. १५५० साली वाल्लादोलिदच्या सभेपुढे सेपुल्वेदा अमेरिकेतील मूळ रहिवाशांना स्वभावतःच दास ठरवीत होता. त्याच सभेपुढे, त्याच धर्मग्रंथाच्या आधारे, लास कासास नावाचा ख्रिस्ती साधू ते खोडून काढीत होता. (त्यानेच पूर्वी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती व पुढे तिचा पश्चात्ताप केला, हेही सांगितले पाहिजे.) सभेने निर्णय जाहीर केलाच नाही.