प्याद्यांचे पासबुक

गेल्या हिवाळ्यात एका मंगल कार्यालयात मुलांची बुद्धिबळ स्पर्धा पाहायला गेलो होतो. नात खेळत होती म्हणून गेलो, हे उघडच आहे. जिथे एरवी लग्नाच्या पंगती बसतात तिथे टेबलांच्या रांगा, त्यांवर रेक्झिनचे पट, आणि बंद दाराबाहेर पालकांची गर्दी, दहावीच्या परीक्षाकेंद्राबाहेर असते तशी. त्या गर्दीत एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "आमच्याला आता मार्चपर्यंत कुठेच उतरवत नाही. रेटिंग चांगलं आलंय, उगाच पडायला नको." मुलगा शेजारीच उभा होता. नऊ-दहा वर्षांचा असेल. खिडकीच्या काचेला नाक लावून आतले पट पाहत होता.

उभी हयात बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला हे बोलणे अगदी ओळखीचे वाटले. ठेवीला हात लावायचा नाही! पण ठेव नुसती पडून राहिली तरी तिला व्याज मिळते. न खेळणाऱ्या पोराच्या खेळाला कसले आले व्याज?

त्या गृहस्थांना दोष देण्याआधी रेटिंगचा हिशेब समजून घेतला पाहिजे. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याला हरवले तर मुलाच्या खात्यात २० गुण जमा होतात, हरला तर २० वजा. समोरचा चारशे गुणांनी खाली असेल तर जिंकून मिळतात जेमतेम तीन, आणि हरलात तर सदतीसच्या आसपास जातात. अठरा वर्षांखालच्या मुलांना हे चढउतार मोठ्यांच्या दुपटीने बसतात, कारण मुले झपाट्याने सुधारतात आणि आकड्याने त्यांच्यामागे धावावे अशी अपेक्षा असते. गणित म्हणून यात काही चूक नाही. पण गल्लीतल्या एखाद्या हुशार, कमी रेटिंगच्या मुलाशी खेळणे म्हणजे तीन रुपयांच्या फायद्यासाठी सदतीस रुपये पणाला लावणे, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते. त्याच्या बापाला तर अगोदर कळते. शिवाय हा आकडा फार पवित्र मानावा अशातलाही भाग नाही. १ मार्च २०२४ रोजी जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, दोन हजारांखालच्या सगळ्यांची रेटिंग एका फटक्यात वाढवली. आदल्या दिवशी ज्याचे हजार होते तो चौदाशेचा झाला. एकही चाल न खेळता!

रेटिंग सोडले तर आपल्याकडे मुलांच्या निवडीचा दुसरा मार्ग म्हणजे जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय अशी उतरंड. तिथे सगळे वर्ष एक-दोन दिवसांवर टांगलेले असते. त्या शनिवारी ताप आला, की गेले वर्ष.

या दोन्हींना एक जुना उतारा आहे, तो म्हणजे हंगामभराचा गुणतक्ता. इंग्लंड-अमेरिकेत शाळकरी मुलांच्या बुद्धिबळात 'ग्रां प्री' अशा भारदस्त नावाने तो चालतो. नावाने दबून जाऊ नये. प्रकार साधा आहे. जून ते मार्च अशा हंगामात आसपासच्या गावांत, शाळांत आठ-दहा छोट्या स्पर्धा ठेवायच्या. प्रत्येक स्पर्धा स्विस पद्धतीची, म्हणजे कोणी बाद होत नाही. जिंकणाऱ्याची पुढची गाठ जिंकणाऱ्याशी आणि हरणाऱ्याची हरणाऱ्याशी. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. स्पर्धा संपली की ते गुण तक्त्यात चढवायचे आणि मार्चमध्ये बेरीज करून वर्षाचे विजेते जाहीर करायचे. या खात्यातून पैसे कापले जात नाहीत. वाईट दिवशी जमा कमी होते, इतकेच. म्हणून इथे न खेळण्यात कसलाच फायदा नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचे सारे पुण्य एवढ्यातच आहे.

मात्र बेरीज कशाची करायची, हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

समजा, सहा फेऱ्यांच्या दहा स्पर्धा आहेत. एक मुलगा दहाही खेळतो आणि प्रत्येक ठिकाणी तीन गुण मिळवतो. झाले तीस. एक मुलगी पाचच स्पर्धांना येऊ शकते, पण प्रत्येक ठिकाणी साडेपाच गुण घेते. तिचे साडेसत्तावीस. सरसकट बेरजेत मुलगा पहिला! अर्धे डाव हरणारा मुलगा त्या वर्षीचा विजेता ठरतो, कारण त्याच्या वडिलांकडे मोटार आहे आणि रविवार मोकळा आहे. मुलगी का येऊ शकली नाही, ते तक्ता सांगत नाही. तालुक्याहून यायचे म्हणजे दोघांचे एसटीचे भाडे, प्रवेश फी, बाहेरचे जेवण आणि आईचा बुडालेला रोज.

यावर शहाण्या संयोजकांनी शोधलेला उपाय म्हणजे खेळा कितीही, मोजायचे सर्वोत्तम पाच. वरच्या उदाहरणात मुलाचे पंधरा होतात, मुलीचे साडेसत्तावीसच राहतात. अन्याय पूर्ण जातो असे नाही. दहा संधी मिळणारा आपले पाच वाईट दिवस टाकून देऊ शकतो, पाचच संधी मिळणारीला ती चैन नाही. म्हणून मी तर म्हणेन, तीनच मोजा. आकडा जितका लहान, तितका पालकांच्या खिशाचा भार हलका.

त्याच्या उलट बाजूचाही विचार इंग्लंडमध्ये एका अवलियाने केला होता. मायकेल बासमन हा आंतरराष्ट्रीय मास्टर. स्वतःच्या डावात प्रतिष्ठित खेळाडू ज्यांना हसतील अशा सुरुवाती तो मुद्दाम खेळे. त्याने १९९६ साली शाळाशाळांतून मुलांची एक देशव्यापी स्पर्धा सुरू केली. शाळेतल्या पहिल्या टप्प्यात विजयाला तीन, बरोबरीला दोन आणि हरणाऱ्यालाही एक गुण. हजारो मुले त्यातून पुढे आली. हरल्याबद्दल गुण म्हटल्यावर आपल्या मास्तर मंडळींच्या भुवया उंचावतील. पण तो गुण हरण्याचा नव्हे, बसून डाव पुरा करण्याचा आहे. (स्पर्धेच्या प्रवेश फीवरचा कर न भरल्याने २०१६ मध्ये बासमनचे दिवाळे निघाले. २०२२ मध्ये तो वारला. मुलांचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्याचा स्वतःचा ताळेबंद जमू नये, याचे बँकवाल्याला जरा जास्तच वाईट वाटते.)

तक्ता आला की लबाडीही येते, हे मान्य केले पाहिजे. शेवटच्या फेरीत दोन चिमुरडे सहा चालींत हात मिळवून अर्धा-अर्धा गुण वाटून घेतात. त्यांना ते कोणी शिकवले हे विचारायची गरज नसते. गट वेगवेगळे असतील तर चांगला खेळाडू खालच्या गटात शिरून गुण लुटतो. फेब्रुवारीत पुढे असलेला मार्चमध्ये गायब होतो. या प्रत्येकावर औषध आहे. वरच्या गटातल्या गुणाला जास्त वजन द्यावे, शेवटची स्पर्धा सक्तीची ठेवावी, वर्षाअखेर बरोबरी झाल्यास त्या दोघांतला आपसातला डाव पाहावा. पण नियम हंगामापूर्वी छापून भिंतीवर लावलेले हवेत. मध्येच बदललेला नियम मुले कधी विसरत नाहीत.

आणि लहानांना नावे ठेवताना थोरांकडेही पाहावे. २०२३ मध्ये फिडेने जगज्जेत्याच्या आव्हानवीराची एक जागा वर्षभराच्या अशाच गुणतक्त्यावर ठेवली. त्यातही प्रत्येकाच्या सर्वोत्तम पाचच स्पर्धा धरायच्या होत्या. वर्ष संपता संपता डिसेंबरात चेन्नईत घाईने एक तगडी स्पर्धा उभी राहिली. सतरा वर्षांचा गुकेश ती जिंकला. तक्त्यात पहिला आलेला कारुआना आधीच दुसऱ्या मार्गाने पात्र ठरला होता, म्हणून जागा गुकेशला मिळाली. बरीच कुजबुज झाली. त्याच महिन्यात दुसरी एक जागा रेटिंगवर ठरायची होती. तिच्यासाठी फिरोजाचे आकडे वाढावेत म्हणून फ्रान्समध्ये खास सामने भरवले गेले. ते फिडेने धरले नाहीत, तेव्हा तो रुआँच्या खुल्या स्पर्धेत उतरला आणि सातपैकी सातही डाव जिंकून त्याने जागा पटकावली. म्हणजे दोन्ही खाती वर्षाअखेरीस सजवता येतात. मार्चअखेर आम्हीही ते करत असू. पण चेन्नईत गुकेशला पटावर बसून डाव जिंकावे लागलेच. एका वर्षानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, तो सिंगापूरला जगज्जेता झाला.

मग आपली नागपूरची दिव्या देशमुख? २०२५ च्या जुलैत बातुमीला एकाच बाद पद्धतीच्या स्पर्धेत ती विश्वचषक जिंकली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. तिथे कुठला तक्ता होता, असे कोणी विचारील. विचारावे. एकोणिसाव्या वर्षी तो दबाव पेलणारी मुलगी त्याआधी किती रविवार कुठकुठल्या हॉलमध्ये बसली असेल, याचाही मग विचार करावा. नवव्या वर्षीच्या मुलाला बाद पद्धतीची धार लावण्याची घाई कशाला?

आपल्या गावांत हे करायला फार लागत नाही. चार शाळा, एक पंच आणि एक जाड वही पुरे. सांगलीसारख्या गावाने तर पिढ्यान्‌पिढ्या हौसेवर बुद्धिबळ जगवले आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांचे नाव तिथे आजही आदराने घेतात. प्रवेश फी कमी ठेवावी, बक्षिसाचे पैसे एसटीच्या भाड्याला द्यावेत, आणि स्पर्धा तालुक्यांतून फिरती ठेवावी. म्हणजे दर वेळी प्रवासाचा भार एकाच घरावर पडणार नाही.

त्या दिवशी चौथ्या फेरीला मुलांची संख्या विषम झाली आणि माझ्या नातीला बाय मिळाला. एक गुण फुकट, तरी चेहरा रडवेला. मी त्या काचेजवळच्या मुलाला विचारले, "खेळतोस का रे हिच्याशी, बाहेर कट्ट्यावर?" त्याने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले.

"रेटिंगला धरणार नाहीत ना?" त्यांनी विचारले.

नाही म्हटले. तोवर पोराने सोंगट्या मांडायला घेतल्या होत्या.