पास होण्यापुरता अभ्यास नको

हंगामाचा पट्टा पडला आणि गावोगावच्या पोरांना जरा उसंत मिळाली. आपल्या गटांतील बरीच तरुण मंडळी, त्यांत सभासदांच्या लेकी-सुनाही आल्या, विमा प्रतिनिधीच्या परीक्षेला बसत आहेत. आम्हांस याचा आनंदच आहे. दहावी पास आणि १८ वर्षे पूर्ण एवढे असले की बसता येते. गाव सोडावे लागत नाही, शेती सांभाळून घरात चार पैसे येतात.

मात्र ही तयारी कशी चालली आहे ते पाहिले आणि दोन शब्द लिहावेसे वाटले. ५० प्रश्न, एक तास, प्रत्येकाला चार पर्याय. पेपर संगणकावर, मराठीतूनही देता येतो. म्हणून मग पुस्तक बाजूला राहते आणि मोबाईलवर आलेले जुने प्रश्न 'याचे ब, त्याचे क' असे घोकले जातात. घोकून पेपर निघतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण पुढे काय?

आमच्या माहितीतल्या एका सभासदाची गोष्ट सांगतो. त्यांना साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या. अर्ज भरणारा ओळखीचाच. "दादा, तब्येत बरी ना?" एवढे विचारून त्याने आजाराच्या सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिले आणि सही घेतली. दीड वर्षात दादा गेले. खरी माहिती लपवली म्हणून दावा नामंजूर झाला. वहिनी कागद घेऊन हेलपाटे घालीत राहिल्या. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो, दोन्ही बाजूंनी काही लपवायचे नसते, हा धडा त्या पुस्तकात अगदी सुरुवातीला आहे. अर्ज भरणाऱ्याला त्यावर प्रश्नही आला असेल, आणि त्याने तो बरोबरही सोडवला असेल!

म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रत्येक धडा आपल्या गावातल्या एखाद्या घराला लावून वाचा. विमा कायदा १९३८ चे कलम ४५ घ्या. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षे झाली की कंपनीला तिच्यावर शंका काढता येत नाही. पण बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षे त्या तारखेपासून मोजतात. हे ठाऊक असलेला प्रतिनिधी हप्ता चुकू देणार नाही.

हप्त्याचेही तेच. मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवड मिळते, तिमाही, सहामाही आणि वार्षिकाला ३० दिवसांची. आपल्या शेतकऱ्याच्या हाती दरमहा पगार येत नाही, उसाचे बिल येते. त्याला मासिक हप्ता गळ्यात मारला की पॉलिसी बंद पडलीच म्हणून समजा. बिल केव्हा जमा होते ते आधी विचारावे, मग हप्ता ठरवावा. वारसाच्या नोंदीचेही असेच आहे. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर आईचे नाव असते, पुढे बायको-मुले आली तरी ते बदलायचे कुणाला सुचत नाही. प्रतिनिधीने आपणहून विचारायला हवे.

थोडे सभासदांनाही सांगणे आहे. "पहिल्या हप्त्यातले किती परत देतोस?" असे पोरांना विचारू नका. कमिशनातला वाटा देणे आणि घेणे, दोन्ही कलम ४१ प्रमाणे गुन्हा आहे. ज्याच्याकडून वाटा घेतला, त्याच्याकडून पुढे सेवेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? अर्ज भरताना तंबाखू, दारू, झालेले ऑपरेशन, चालू असलेल्या गोळ्या, सगळे सांगा. त्याने हप्ता थोडा वाढेल, पण घरच्यांना हेलपाटे पडणार नाहीत. कोऱ्या फॉर्मवर तर सही करूच नका.

तयारीची एक साधी रीत सुचवतो. घरातली ट्रंक उघडा, वडिलांची पॉलिसी काढा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. मग ती आईला साध्या भाषेत समजावून सांगा. तिला कळले तर तुम्हांला कळले. संध्याकाळी गटऑफिसात चार-पाच जणांनी मिळून असे वाचन केले तर उत्तमच. कारखान्याने त्यासाठी खोली आणि दिवा द्यावा, अशी संचालक मंडळास आमची विनंती आहे.

परीक्षेचा निकाल एका दिवसात लागतो. प्रतिनिधीचा खरा निकाल दहा-वीस वर्षांनी, कुणाच्या तरी दु:खाच्या दिवशी लागतो. त्या दिवशी त्या घरासमोरून मान वर करून जाता आले पाहिजे. परीक्षेला बसणाऱ्या सर्वांना आमच्या शुभेच्छा!