पाखरांचा हजेरीपट

चैत्र लागला की आपल्याकडे आगमनाचे सोहळे सुरू होतात. कडुलिंबाला कोवळी पालवी फुटते, कोकिळाचे कूजन पहाटेपासून कानी येऊ लागते, आणि वसंताच्या स्वागताने आपले काव्य तर शतकानुशतके भरून वाहत आले आहे. परंतु याच दिवसांत आपल्या डोक्यावरून, बहुधा रात्रीच्या अंधारात, फार मोठे प्रस्थान चाललेले असते. त्याची वार्ता मात्र थोड्यांनाच असते. वसंत हा जसा येणाऱ्यांचा ऋतू, तसाच तो जाणाऱ्यांचाही आहे.

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर हिवाळाभर शेपटी हालवीत फिरणारे धोबी पक्षी चैत्र-वैशाखात दिसेनासे होतात. ते कोठे गेले, असे आपण सहसा विचारीत नाही. त्यांच्यासारख्या अगणित पाखरांचे जाणे एका ठिकाणी पाहावयाचे असेल, तर समुद्रकाठ गाठला पाहिजे. आपली तापी सुरतेजवळ सागराला मिळते. तेथून दक्षिणेस किनाऱ्या-किनाऱ्याने गेले की मुंबईला लागून ठाण्याची खाडी येते.

ओहोटीला या खाडीचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर चिखले, तुतारे, टिलवे, पाणटिवळे यांची झुंबड उडते. चोचीने चिखल टोचून किडे, शिंपले, कोळंबीची पिले टिपणे हाच त्यांचा दिनक्रम. हिवाळ्यात ही मंडळी करड्या, मळकट वेषात असतात. पण मार्च-एप्रिल येताच त्यांतील बाकदार चोचीचा तुतारा विटकरी-तांबडा होऊ लागतो. दिवस मोठा होत चालल्याची जाणीव त्याच्या शरीराला झालेली असते. अंगात नवे स्राव वाहू लागतात, भूक वाढते, कातडीखाली चरबीचे थर साचतात. ही चरबी म्हणजे त्याची वाटेची शिदोरी! त्याचे घरटे सैबेरियाच्या उत्तर टोकाला, सुमारे सहा हजार किलोमीटरांवर. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने मूठभर वजनाचा हा जीव तेथे पोहोचतो.

हे सारे मनुष्याला कळले कसे? पाखराच्या पायात हलके कडे घालून. या कामाचा एक आरंभ आपल्याच प्रांतात, मराठी अमलाखालील धार संस्थानात झाला, ही गोष्ट आपल्या मंडळींनी अभिमानाने ध्यानात ठेवावी. १९२६-२७ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रेरणेने तेथे रानबदकांच्या पायांत कडी चढविली गेली. पुढे १९५७ मध्ये म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात एका अपरिचित तापाने माणसे व माकडे दगावू लागली. त्याचे विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूंशी नात्याचे निघाले. उत्तरेकडून येणारे पक्षी आपल्या अंगावरील गोचिडांतून हा रोग आणतात की काय, अशी शंका निघाली. तिच्या निरसनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ मध्ये डॉ. सालिम अली यांनी पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला. तंजावरच्या जुन्या मराठी मुलखातील कोडिक्करै येथे, पूर्व किनाऱ्याच्या टोकाशी, हे काम नावारूपाला आले. बारीक जाळ्यात पक्षी धरावा, पंख व चोच मोजावी, वजन करावे, कडे चढवावे आणि त्याला सोडून द्यावे, असे हे धीराचे काम. कड्यावर क्रमांक आणि सोसायटीला कळविण्याची विनंती. एवढ्या चिठीवर दूरदेशीचा अनोळखी माणूस उत्तर धाडतो.

शाळेत आयुष्य घालविलेल्या मला या नोंदवहीचे मोल विशेष वाटते. हजेरीपटात 'हजर' या खुणेइतकीच 'गैरहजर' ही खूणही बोलकी असते. किंबहुना चौकशी सुरू होते ती तिच्यापासूनच. भरतपूरच्या पाणथळीत १९६० च्या दशकात सैबेरियन क्रौंच सुमारे दोनशेच्या संख्येने येत. वर्षानुवर्षे आकडा उतरत गेला आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरचे एक जोडपे तेथे दिसले. त्यानंतर ती जागा रिकामीच आहे. मोजणारे नसते, तर हा वंश तेथून केव्हा उठून गेला हेही कोणास कळले नसते.

म्हणून वसंतातील मोजणीला महत्त्व आहे. समुद्रकाठचा चिखल ही या पांथस्थांची धर्मशाळा होय. तेथे पोटभर अन्न मिळाले नाही, तर पक्षी एक तर उड्डाणच करू शकत नाही, किंवा वाटेत थकून पडतो. आणि कसाबसा पोहोचला तरी अंडी घालण्याची शक्ती उरत नाही. भराव घालून आपण एक खाडी बुजवितो, तेव्हा सैबेरियातील घरटे रिकामे राहते! ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान लाभले. ही समाधानाची गोष्ट. परंतु अभयारण्याची सीमा आकाशाला नसते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास रोहित एका क्षणात मृत्युमुखी पडले.

आपण समुद्रापासून दूर असलो तरी या वाटेबाहेर नाही. येथून वाहत गेलेले तापीचे पाणी खाली हतनूरच्या धरणात साठते. चांगदेवजवळच्या त्या विस्तीर्ण जलाशयावर हिवाळी बदके उतरतात आणि वसंतात उत्तरेचा रस्ता धरतात. आपल्या मुलांच्या हाती एक साधी वही द्यावी. तारीख, ठिकाण, पक्ष्याचे नाव, संख्या एवढेच रकाने पुरेत. नाव ठाऊक नसेल तेथे रंग व आकार लिहावा. मात्र कार्तिकात धोबी प्रथम कधी दिसला याबरोबर चैत्रात तो शेवटचा कधी दिसला, हेही आठवणीने टिपावे. पाहुण्याला वेशीपर्यंत पोहोचविण्याची आपली जुनी रीत आहे. ती या मुक्या पाहुण्यांच्या वाट्यालाही यावी. आणि पुढील कार्तिकात कोणी आले नाही, तर निदान त्याची विचारपूस करणारे कोणी तरी या नदीकाठी असावे.