यंत्र बदलावें कीं जपावें?

हल्लीं पालकमंडळींची गांठ पडली म्हणजे परीक्षेचे गुण व फी यांच्या जोडीला आणखी एक विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. २०२० व २०२१ सालीं, महामारीमुळें शाळांचीं दारें बंद असतां, पुष्कळ कुटुंबांनीं पदरमोड करून मुलांच्या अभ्यासासाठीं संगणक घेतले. ज्याचा पडदा कीबोर्डापासून सुटा करून टॅब्लेटप्रमाणें हातांत धरतां येतो व कीबोर्ड जोडतांच ज्याचा लॅपटॉप होतो, असें दुहेरी यंत्र कित्येकांनीं पसंत केलें. कोणीं नवें घेतलें, कोणीं परवडेना म्हणून वापरलेलें घेतलें. तेंच यंत्र पुढें पडद्यावर सूचना दाखवूं लागलें कीं, त्यांतील विंडोज १० ची मुदत संपली. मग घरांत प्रश्न उभा राहतो : विंडोज ११ घालावें, आहे तसेंच चालवावें, कीं यंत्रच नवें घ्यावें? प्रश्न दिसावयास यंत्राचा आहे. परंतु ज्या घरीं एका पगारावर दोन-तीन मुलांचें शिक्षण चालतें, त्या घरीं कोणाच्या वाट्याचा पैसा कोठें जाईल, असें त्याचें रूप होतें. म्हणून त्याविषयींचें आमचें मत येथें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम, मुदत संपणें म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्राच्या घरांतील कारभारी होय. कोणास आंत घ्यावें, कोणास दाराबाहेर ठेवावें, कोणती वस्तु कोठें ठेवावी, हें सर्व तीच पाहते. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० हें २९ जुलै २०१५ रोजीं प्रसिद्ध केलें आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याची सर्वसाधारण देखभाल थांबविली. याचा अर्थ त्या दिवसापासून यंत्र बंद पडलें, असा नव्हे. तें पूर्ववत् चालतें, लिहितें, वाचतें. परंतु एवढ्या मोठ्या इमारतीच्या भिंतींत नव्या फटी नेहमींच सांपडत असतात. त्या बुजविण्यास गवंडी पाठविण्याचें कंपनीनें बंद केलें, इतकाच त्याचा अर्थ.

‘इतकाच’ असें आम्हीं म्हटलें खरें, पण ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या घातक प्रोग्रामानें अनेक देशांतील संगणकांस कुलूप घालून खंडणी मागितली. इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसेवेस त्याचा एवढा तडाखा बसला कीं, रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या फटींतून तो आंत शिरला, ती बुजविण्याचें साधन मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच, म्हणजे दोन महिने आधीं, दिलेलें होतें. ज्यांनीं तें वेळेवर लावलें नाहीं, त्यांचींच यंत्रें मुख्यत्वें बळी पडलीं. ज्या यंत्रावरून वडील बँकेचे व्यवहार करितात व ज्यांत घरांतील कागदपत्रांच्या प्रती आहेत, त्याच्या बाबतींत ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

या प्रश्नावर आम्हांस दोन पक्ष दिसतात. एकाचें ब्रीद ‘नवें तें हवें’. दुसऱ्याचें ‘जुनें तें सोनें’. आमच्या मतें दोन्ही पक्ष विचार करण्याचे श्रम वांचवूं पाहतात.

पहिला पक्ष म्हणतो, यंत्र चारपांच वर्षांचें झालें, आतां तें टाकून नवें घ्यावें. दुकानदार हेंच सांगतो, जाहिरात हेंच सांगते, आणि मुलांसही हेंच गोड वाटतें. पण चांगल्या प्रतीच्या नव्या दुहेरी यंत्रास पन्नास हजारांहून अधिक रुपये सहज पडतात. निबंध लिहिणें, गणितें सोडविणें, शिक्षकांचीं व्याख्यानें पाहणें, पेननें आकृति काढणें, एवढेंच ज्याचें काम आहे, त्या विद्यार्थ्याच्या ज्ञानांत त्या रकमेनें किती भर पडेल? बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा ख्रिस्तप्रभूचा दृष्टान्त आपणांपैकीं पुष्कळांनीं उपासनेच्या वेळीं ऐकला आहे. तो केवळ आध्यात्मिक जीवनासच लागू आहे असें नव्हे. ज्या घरीं थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरावयाची आहे व त्याच महिन्यांत धाकट्यास नवें यंत्र हवें आहे, त्या घरीं हा हिशेब आधीं न करणें म्हणजे मुलीवर अन्याय करणें होय.

दुसरा पक्ष म्हणतो, चालतें आहे तोंवर हात लावूं नये. ही काटकसर वरवरची आहे. दाराची कडी मोडलेली असतां ‘अद्याप चोर आला नाहीं’ म्हणून स्वस्थ बसणाऱ्यास आपण काटकसरी म्हणत नाहीं. शिवाय ज्याची मुदत संपली आहे, त्यावरील इतर प्रोग्रामही हळूहळू साथ सोडूं लागतात. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं व विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं थांबली. त्यानंतर त्यांवर नवे ब्राउझर चालेनासे झाले, हा अनुभव सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हां निर्णय घोषणेवर न सोंपवितां परीक्षेवर सोंपवावा. पहिली परीक्षा यंत्राच्या पात्रतेची. विंडोज ११ हें ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आलें. त्यास निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची चिप व कंपनीच्या यादींतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतींत ही यादी बहुतांशीं आठव्या पिढीपासून सुरू होते. येथें केवळ खरेदीचें वर्ष पाहून फसगत होते. मायक्रोसॉफ्टचींच दोन यंत्रें घ्या. सरफेस गो हें ऑगस्ट २०१८ मध्यें बाजारांत आलें, आणि सरफेस प्रो ६ त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें. पैकीं प्रो ६ पात्र ठरतें. गो मात्र, मेमरी व साठवण नियमांत बसत असूनही, प्रोसेसर यादींत नसल्यामुळें अपात्र ठरतें. विकत घेऊन तीन-चार वर्षेंही न झालेल्या यंत्रास त्याच्याच कर्त्यानें असें दाराबाहेर उभें करावें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. परंतु आपल्या नापसंतीनें यादी बदलत नाहीं. म्हणून कंपनीचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा विनामूल्य प्रोग्राम चालवून पाहावा. पुष्कळ वेळां यंत्रांत टीपीएम असतो, पण सेटिंगमध्यें बंद ठेवलेला असतो. तो सुरू करतांच नापास ठरलेलें यंत्र पास होतें. एवढें पाहिल्यावांचून कोणी ‘तुमचें यंत्र निकामी झालें’ असें सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये.

दुसरी परीक्षा यंत्राच्या प्रकृतीची. मेजावरच्या संगणकाची मेमरी वाढवितां येते, डिस्क बदलतां येते. दुहेरी यंत्राचें तसें नाहीं. तें सडपातळ व्हावें म्हणून मेमरी बहुधा मदरबोर्डावरच पक्की डाखलेली असते, आणि बॅटरीपर्यंत पोंचण्यास कित्येक यंत्रांत चिकटविलेली कांच उचकटावी लागते. म्हणून अशा यंत्राचें शरीर जसें घेतलें तसेंच शेवटपर्यंत राहणार, असें धरून चालावें. ४ जीबी मेमरी हा विंडोज ११ चा केवळ उंबरठा आहे. त्यावर तें चालेल, पण रडतकढत. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत भरूं नये, ही शिकवण येथेंही उपयोगीं पडते. ८ जीबी मेमरी असून बॅटरी धड असेल, तर मात्र नवी प्रणाली घालण्यास आम्ही मोकळ्या मनानें अनुमोदन देतों. बॅटरी फुगून पडदा वर उचलला गेला असेल, तर चार्जर लावण्याचें त्याच क्षणीं थांबवावें व जाणत्या कारागिराकडे जावें. तेथें प्रश्न सोयीचा नसून आगीचा आहे.

पात्र यंत्रास विंडोज १० वरून ११ वर जाण्यास कंपनीनें मूल्य ठेवलेलें नाहीं. दुकानदार मागतो ती त्याची मजुरी होय. पण हें काम घाईनें करूं नये. आधीं सर्व वह्या, चित्रें व कागदपत्रें बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीं. यंत्रांतील मजकूर कुलूपबंद असेल, तर बिटलॉकरची किल्ली, म्हणजे तिचा लांबलचक आंकडा, कागदावर लिहून ठेवावा; तो हरवला तर धन्यासही स्वतःच्या घरांत शिरतां येत नाहीं. चार्जर जोडलेला असावा. परीक्षेच्या आठवड्यांत हें काम मुळींच करूं नये. सुट्टीचे दिवस त्यासाठीं उत्तम. नवी प्रणाली न मानवल्यास पहिल्या दहा दिवसांत मागें फिरण्याची सोय असते. ते दहा दिवस पेन, कॅमेरा, मराठी कीबोर्ड व कीबोर्ड सुटा केल्यावर पडद्याची वागणूक तपासून पाहण्यांत घालवावे.

यंत्र अपात्र ठरलें, तर काय करावें? युक्तीनें अटी चुकवून विंडोज ११ घालणारे आहेत. परंतु पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी तेथें देत नाहीं, म्हणून कुटुंबाच्या यंत्रावर तो प्रयोग नको. घरगुती ग्राहकांस विंडोज १० च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळाव्या, अशी एक योजना कंपनीनें जाहीर केली. अशी मुदतवाढ म्हणजे विचार करण्यास मिळालेली सवड होय. तिला निर्णय समजूं नये. खरा दुसरा मार्ग लिनक्सचा आहे. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेलें हें काम आज जगभर पसरलें असून, उबुंटु, लिनक्स मिंट इत्यादि त्याचे प्रकार विनामूल्य मिळतात. केरळांतील सरकारी शाळांतून मुलें याच कुळांतील प्रणालीवर शिकत आलीं आहेत. दुहेरी यंत्रांत मात्र एक अडचण येते : पेन, स्पर्शाचा पडदा वा कॅमेरा कित्येकदां नीट चालत नाहीं. म्हणून ती आधीं पेन ड्राइव्हवरून, जुनें कांहींही न पुसतां, चालवून पाहावी, व मगच ठरवावें. हेंही न जमल्यास जुनें यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवून लेखन-वाचनासाठीं वापरावें, आणि बँकेचें काम त्यावरून कदापि करूं नये.

हे सर्व मार्ग खुंटले, किंवा विद्यार्थ्याचें शिक्षणच असें झालें कीं त्यास अधिक शक्तीचें यंत्र लागावें, तर नवें अवश्य घ्यावें. त्यांत उधळपट्टी नाहीं. परंतु घेतांना पुढें किती वर्षें त्यास दुरुस्त्या मिळतील व बॅटरी बदलतां येईल कीं नाहीं, हे दोन प्रश्न रंग व जाडी यांच्या आधीं विचारावे. जुनें यंत्र कचऱ्यांत फेंकूं नये. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं दिलेल्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं जगांत ६ कोटी २० लक्ष टन विद्युत्-कचरा निर्माण झाला व त्यांतील चौथा हिस्साही रीतसर पुनर्वापरास गेल्याची नोंद नाहीं. आपल्या देशांत याविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत. नोंदणी झालेल्या पुनर्वापर करणाऱ्यांकडेच तें सोंपवावें, आणि त्यापूर्वीं आपला मजकूर पूर्णपणें पुसावा.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटीं दोन शब्द तुम्हांस. ‘शाळेनें नवें यंत्र आणावयास सांगितलें आहे’ असें घरीं सांगून कांहीं मुलें वडिलांस कर्जांत लोटतात, हें आमच्या कानीं आलें आहे. शाळेनें असें कोणासही सांगितलेलें नाहीं, हें पालकांनीं कृपा करून ध्यानीं घ्यावें. तुम्हांस खरोखरच अडचण असेल, तर एका कागदावर तीन गोष्टी लिहा : या यंत्रावर मी कोणतें काम करतों, त्यांतलें कोणतें अडतें, आणि तें कमी खर्चांत कसें सुटेल. तो कागद घेऊन आईवडिलांपुढें बसा. विंडोज १० काय, विंडोज ११ काय, दोन्ही यथाकाल जुनीं होतील. पण गरज व हौस यांतील भेद ओळखून घरांत खरें बोलण्याची जी संवय तुम्हांस या निमित्तानें लागेल, ती तुमच्या व तुमच्या कुटुंबाच्या जन्मभर उपयोगीं पडेल, असा आमचा विश्वास आहे.