हात स्वच्छ आहेत ना, बाई?

बालमित्रांनो,

परवा घटक चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि मनात आलं, तुमची चाचणी होते, नव्या औषधाचीही होते. पण बोलून आणि सराव करून एखादा आजार बरा करायचा असेल, तर त्या बोलण्याची चाचणी कशी घ्यायची? हसू नका हं. हा प्रश्न मला माझ्याच वर्गातल्या एका मुलीमुळे पडला. तिचं नाव सांगणार नाही. तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे.

ही मुलगी मधल्या सुट्टीत डबा उघडायचीच नाही. सगळी सुट्टी नळाशी. हात धुवायचे, पुसायचे, पुन्हा धुवायचे. बोटांची पेरं पांढरी पडून भेगाळली होती. वर्गात आली की विचारायची, "बाई, हात स्वच्छ आहेत ना?" मी म्हणायची, "हो गं, एकदम स्वच्छ!" पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एकदा वैतागून मी ओरडलेसुद्धा. त्याची मला अजून लाज वाटते.

मोठ्यांना आठवत असेल, २०२० साली आपल्या बाळकुममध्येच हजारेक खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं होतं. तेव्हा घरोघरी वीस सेकंद हात धुण्याचा धडा चालू होता, आणि तो बरोबरच होता. पण तिचं धुणं वेगळं होतं. ती मला म्हणाली, "हात नाही धुतले तर आई आजारी पडेल असं मनात येतं. खोटं आहे ते, मला कळतं. तरी येतंच." आई म्हणाली, "बाई, साबणाची वडी दोन दिवसांत संपते हो!"

नको असलेला विचार असा पुन्हा पुन्हा मनात घुसणं आणि त्याला घालवायला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागणं, याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर ओसीडी म्हणतात. कुणाला कडी दहा वेळा तपासावी लागते, कुणाला लिहिलेली ओळ खोडून पुन्हा लिहावी लागते. हा हट्ट नव्हे, नाटक तर नव्हेच नव्हे.

आपल्या ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे. आणि १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इथेच 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. त्यामुळे समुपदेशकाकडे जाणं आपल्याकडे तसं नवं नाही. तरी तिच्या आईला आधी वाटलं, "नुसतं बोलून काय होणार?" मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू!

पण ते नुसतं बोलणं नसतंच. तिच्या समुपदेशक ताईंनी तिच्याबरोबर बसून भीतीची एक शिडी काढली. सगळ्यात खालच्या पायरीवर होतं, दाराची कडी धरायची आणि पाच मिनिटं हात धुवायचे नाहीत. भीती किती वाटते त्याला दहापैकी गुण द्यायचे. आधी आठ, मग सहा, मग चार. हात न धुताच! ती पायरी जमली की वरची. (हे घरी आपले आपण करून बघायचं नाही बरं का, त्यासाठी शिकलेलं माणूस बरोबर लागतं.) आणि मला काय सांगितलं असेल? "बाई, 'हो गं, स्वच्छ आहेत' हे उत्तर देणं हळूहळू बंद करा." माझ्या त्या उत्तराने तिला घटकाभर बरं वाटायचं आणि आजार मात्र घट्ट व्हायचा. म्हणजे ओरडूनही मी चुकले होते आणि समजावूनही!

या उपचाराची सुरुवात लंडनच्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी केली. १९६६ साली त्यांनी दोन रुग्णांची हकिगत छापली. पण दोघांवरून काय कळणार? ते आपोआपही बरे झाले असतील! तुम्ही एक रोप उन्हात आणि एक कपाटात ठेवून बघता ना, तशी तुलना हवी.

ती अमेरिकेत झाली, २००४ साली तिचे निकाल छापून आले. ७ ते १७ वर्षांची, मंत्रचळ असलेली ११२ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे २८-२८ चे चार गट केले. एका गटाला हा बोलण्याचा आणि सरावाचा उपचार, दुसऱ्याला सर्ट्रालीन नावाचं औषध, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी. बारा आठवड्यांनी गुण देणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं ते ठाऊक नव्हतं. दहावीच्या पेपरवर नाव नसतं, नुसता बैठक क्रमांक असतो, तसंच. मोजपट्टी ४० गुणांची, आणि इथे जितके गुण कमी तितकं चांगलं! १० किंवा त्याहून कमी आले, की आजार जवळजवळ गेला असं धरायचं.

निकाल बघा. दोन्ही उपचार मिळालेल्या २८ पैकी १५ जण त्या रेषेखाली आले. नुसत्या बोलण्याच्या उपचाराने ११, नुसत्या औषधाने ६ आणि खोट्या गोळीने फक्त १.

म्हणजे बोलण्याच्या उपचारात दम आहे. पण हेही बघा, ११ जण आले तेव्हा १७ जण राहिलेच की! त्यांना काहीच फायदा झाला नाही असं नव्हे, पण रेषेपर्यंत ते पोचले नाहीत. शिवाय खोटी गोळी देता येते, खोटा सराव कसा देणार? त्यामुळे बोलण्याच्या गटातल्या मुलांना आपल्याला काय मिळतंय ते माहीत होतंच. परीक्षेत अशी एखादी फट राहतेच.

पालकांसाठी एक सांगते. कुणाकडे जावं ते सुचत नसेल, तर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. औषध लागेल की नाही ते डॉक्टरच ठरवतील.

आमची ही मुलगी अजून शिडीवरच आहे. दोन पायऱ्या वर, एक खाली, असं चाललंय. शुक्रवारी तिने फळा पुसला. हात खडूने पांढरे. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हात..." आणि थांबली. मीही गप्प राहिले, आणि खरं सांगते, फार जड गेलं मला ते. मग तिने फ्रॉकला हात पुसले आणि गणिताची वही काढली. डब्याच्या वेळी नळावर गेली, एकदा हात धुतले आणि मैत्रिणींत जाऊन बसली. डब्यात जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी होती.

तुमच्या,
बाई