निळीं कुत्रीं आणि आमची मासळी

सन 2017 च्या ऑगस्टांत नवी मुंबईंत तळोजा येथें निळीं कुत्रीं फिरूं लागलीं, तेव्हां कोठें सरकारास जाग आली. कारखान्याचा रंग कासाडी नदींत जात होता. प्रदूषण नियंत्रण मंडळानें तो कारखाना बंद करविला. काठचे कोळी बांधव त्याआधींच ओरडत होते. पण कोळ्याला निळा रंग चढत नाहीं ना!

बंधूंनो, कुत्र्याचा रंग धुतल्यानें जातो. शिसें व पारा यांचें तसें नाहीं. सांडपाण्यांतून ते नदींत उतरले कीं गाळांत बसतात, मासळींत सांठतात, आणि तिच्याबरोबर आमच्या पोटांत येतात. मूत्रपिंड नासतें, पोराची बुद्धि मंदावते. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, तें करावेंच. पण हें विष जात नाहीं. पाणी आटतें, विष तेवढेंच राहतें.

ज्या आगरी-कोळ्यांच्या भातजमिनी ह्या शहरासाठीं घेतल्या, त्यांच्याच ताटांत हें वाढावें काय? दरमहा पाणी, गाळ व मासळी तपासा, आणि आंकडे मराठींत कोळीवाड्याच्या भिंतीवर लावा; इंग्रजी कागद कचेरींत कोंडूं नका. तोंवर मायबहिणींनो, गरोदर लेकीसुनांना व लहान पोरांना त्या पाण्यांतली मासळी देऊं नका.