दगडी पूर्वजांच्या गांवीं

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर लेखणींतून शाईचा एखादा चुकार थेंब पडावा, तसें हें बेट दिसतें. पूर्वेस चिली देशाचा किनारा सुमारें ३,७०० किलोमीटरांवर. पश्चिमेस जवळांत जवळची वस्ती म्हणजे पिटकेर्न, तीहि सुमारें दोन हजार किलोमीटर दूर. याकोब रोखेवेन हा डच दर्यावर्दी इ. स. १७२२ च्या एप्रिल महिन्यांत ईस्टरच्या रविवारीं येथें येऊन पोचला, म्हणून युरोपीय नकाशांत यास ईस्टर बेट असें नांव पडलें. तेथील लोक मात्र आपल्या भूमीसहि 'रापा नुई' म्हणतात आणि स्वतःसहि तेंच नांव लावितात.

आमच्या वाचकांपैकीं कांहींना स्मरत असेल कीं, पूर्वीं एकदां याच सदरांतून मीं या बेटाची गोष्ट सांगितली होती. अवाढव्य दगडी पुतळे उभारण्याच्या ईर्ष्येनें तेथील लोकांनीं अरण्यें तोडलीं, पुतळे वाहण्यासाठीं ओंडके वापरले, अखेर झाडें संपलीं, अन्न संपलें, आणि त्यांनीं आपसांत लढून स्वतःचा नाश करून घेतला, अशी ती गोष्ट. घरांतील मुलांना जेवतांना सांगावी इतकी ती नेटकी होती, आणि मीं ती सांगितलीहि. ती ज्या पुस्तकांतून घेतली तें पुस्तकहि नामांकित होतें. आतां तें बेट डोळ्यांनीं पाहून आल्यावर, ती तशीच राहूं देणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

सांतियागोहून निघालेलें विमान पांच-सहा तास केवळ पाण्यावरूनच उडत असतें. उतरल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही कीं, येथें एकट्यानें हिंडतां येत नाहीं. साथीमुळें दोन वर्षें बंद असलेलें बेट २०२२ सालीं पुन्हां खुलें झालें, तेव्हांपासून बहुतेक प्राचीन स्थळीं स्थानिक माणूस किंवा अधिकृत मार्गदर्शक बरोबर असल्याखेरीज प्रवेश मिळत नाहीं. उद्यानाचें प्रवेशपत्र दहा दिवस चालतें, परंतु रानो राराकु व ओरोंगो या दोन स्थळीं एकदांच जातां येतें. उद्यानाचा कारभार २०१७ पासून 'माउ हेनुआ' या तेथील लोकांच्याच संस्थेकडे आला आहे. आम्हां दहा-बारा प्रवाशांना हा नियम प्रथम जाचक वाटला. पैसे मोजून आलेल्या माणसास कोणी मागेंपुढें असलेलें खपत नाहीं, हेंच खरें.

आमची मार्गदर्शिका पन्नाशीच्या घरांतील एक बाई होती. डोक्यावर रुंद कांठाची टोपी, पायांत मळक्या वहाणा, आणि आवाज वर्गांत शिकवून कमावल्यासारखा. तिनें पहिलें वाक्य बोललें तें हें, "अहूवर पाय ठेवूं नका." अहू म्हणजे ज्या दगडी ओट्यावर हे पुतळे उभे असतात तो. त्याच्या आंत व भोंवतीं पूर्वजांच्या अस्थि आहेत. पुतळा हा देव नव्हे, तर त्या त्या कुळाचा थोर पुरुष. समाधीच्या चौथऱ्यास पाय लागला तर दोन्हीं हात जोडणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. या पुतळ्यांना 'मोआइ' म्हणतात. ते बहुतेक सारे समुद्राकडे पाठ करून उभे आहेत. तोंड वस्तीकडे, आपल्या लेंकरांकडे.

पहिल्या दिवशीं आम्ही रानो राराकु या निवालेल्या ज्वालामुखीच्या उतारावर गेलों. पुतळ्यांची खाण ती हीच. बेटावर नऊशेंहून अधिक मोआइ मोजले गेले आहेत, त्यांपैकीं जवळजवळ चारशें येथेंच राहिलेले आहेत. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हा दगड मऊसर. काळ्या कठीण दगडाच्या हातोड्यांनीं, ज्यांस ते 'तोकि' म्हणतात, कारागीर तो टोंचीत. पुतळा कड्यांतच निजलेला कोरीत. नाक, कान, पोटाशीं जुळलेले हात सारें तयार झालें तरी पाठीच्या कण्याजवळ दगडाची चिंचोळी कड शिल्लक ठेवीत, आणि अगदीं शेवटीं ती तोडीत. एक पुतळा तर एकवीस मीटरांचा आहे, पण तो कड्यापासून सुटलाच नाहीं. मातेपासून नाळ न तुटलेल्या बाळासारखा तो अजून उताणा पडला आहे. खालच्या उतारावर खांद्यापर्यंत मातींत रुतलेलीं मस्तकें दिसतात. तीं नुसतीं मस्तकें नसून खालीं अख्खें शरीर आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ऑक्टोबर २०२२ मध्यें या डोंगरास वणवा लागून कित्येक मोआइ होरपळले. त्यांच्या अंगावरील काळे डाग बाईनें बोटानें दाखविले आणि ती झटकन् पुढें चालूं लागली.

एवढाल्या शिळा बेटभर नेल्या कशा, हा प्रश्न प्रत्येक प्रवासी विचारतो. तेथील लोकांचें उत्तर पिढ्यान्-पिढ्या एकच होतें: ते चालत गेले. पंडितांस हें अर्थात् हास्यास्पद वाटे. पुढें १९८६ मध्यें पावेल पावेल नांवाच्या चेक अभियंत्यानें एक खरा मोआइ दोर बांधून, उभाच डोलवीत डोलवीत कांहीं अंतर पुढें सरकविला. हंट व लिपो या दोघां संशोधकांनीं तर सुमारें साडेचार टनांची प्रतिकृति अवघ्या अठरा माणसांकरवीं तीन दोरांनीं चालविली व २०१२ मध्यें तें प्रसिद्ध केलें. जड कपाट कोपऱ्यावर उचलून उजवें-डावें करीत नेतांना आपण घरांत काय करितों, तेंच. सर्व विद्वान् यास मान डोलवितात असें नव्हे. परंतु ओंडक्यांचा प्रवाद तेव्हांपासून डळमळला खरा.

दुसऱ्या दिवशींच्या एका दृश्याचें वर्णन केल्यावांचून राहवत नाहीं. उत्तरेस अनाकेना नांवाची पांढऱ्या वाळूची पुळण आहे. तेथें १९७८ मध्यें उत्खनन करतांना पांढऱ्या पोवळ्याचे व तांबड्या दगडाचे तुकडे हातीं लागले, आणि ते जुळवितां तो एक डोळा निघाला! तोंपर्यंत या पुतळ्यांच्या डोळ्यांच्या रिकाम्या खोबणी तशाच असाव्या असें सर्वांस वाटत होतें. आतां असें समजतें कीं, पुतळा अहूवर चढल्यावरच त्यास डोळे बसवीत, आणि मग त्याच्या ठायीं 'माना', म्हणजे पूर्वजांचें सामर्थ्य, जागें होई. मूर्तीचें नेत्रोन्मीलन ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस येथें अंगावर कांटा येईल. तो डोळा हांगा रोआ या गांवच्या संग्रहालयांत आहे. मी त्यापुढें बराच वेळ उभा राहिलों, आणि तोहि माझ्याकडे पाहत राहिला.

तोंगारिकि येथें पंधरा मोआइ एका ओळींत उभे आहेत. १९६० च्या भूकंपानंतर आलेल्या समुद्राच्या लाटेनें तेथील पडलेले पुतळे आंत दूरवर वाहून नेले होते. १९९० नंतरच्या दशकांत जपानहून आणलेल्या यारीनें ते पुन्हां उभे केले. ती ओळ पाहून आमच्यांतील एका गृहस्थानें, अगदीं सहज, बाईस विचारलें, "म्हणजे यांच्यापायींच तुम्ही सारीं झाडें तोडलींत ना?"

ही माझीच गोष्ट होती. मी खालीं पाहिलें.

बाई रागावली नाहीं. हा प्रश्न तिनें शेंकडों वेळां ऐकला असावा. ती म्हणाली, "झाडें गेलीं हें खरें." ताडाच्या जातीचें दाट अरण्य येथें होतें, इ. स. १२०० च्या सुमारास माणसें आलीं, त्यांनीं शेतीसाठीं तें जाळलें-तोडलें, आणि त्यांच्या होड्यांतून आलेल्या उंदरांनीं झाडांचीं बीजें कुरतडलीं. पण त्या पाठीमागें उपासमार व सर्वनाश ठेवलेलाच होता असें मात्र नाहीं. लोकांनीं शेतांत दगड पसरले, त्यांनीं माती ओली राहिली, वाऱ्यापासून रोप वांचलें, आणि रताळीं पिकूं लागलीं. २०२४ मध्यें पंधरा प्राचीन रापा नुई माणसांच्या अवशेषांतील आनुवंशिक द्रव्य तपासलें गेलें. त्यांत सतराव्या शतकांत लोकसंख्या एकाएकीं कोसळल्याचें चिन्ह आढळलें नाहीं. उलट ती हळूहळू वाढतच होती. कुळांकुळांत भांडणें झालीं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अहूवरील सारे पुतळे पाडले गेले, हें बाईनेंहि झांकून ठेवलें नाहीं. रोखेवेनच्या माणसांनीं पहिल्याच दिवशीं गोळ्या झाडून दहा-बाराजणांस ठार केलें, हेंहि तिनें त्याच आवाजांत सांगितलें.

"आमचीं माणसें कधीं गेलीं तें सांगतें," असें म्हणून ती अहूपासून दूर, सांवलींत बसली.

१८६२ च्या अखेरीस पेरूकडून गुलामांच्या शोधांत निघालेलीं गलबतें येथें आलीं. कांहीं महिन्यांत सुमारें दीड हजार माणसें, म्हणजे बेटाची निदान एकतृतीयांश वस्ती, पकडून अथवा फसवून नेली गेली व पेरूंत शेतमळ्यांवर आणि घरकामास विकली गेली. त्यांत राजकुळांतील पुरुष होते, आणि जुन्या विद्येचे जाणते होते. ताहितीच्या बिशपानें व इतरांनीं ओरड केल्यावर वांचलेल्यांस परत धाडण्याचें ठरलें. परंतु वाटेंतच देवीच्या रोगानें बहुतेक मेले. जे पंधराएक उतरले ते रोग बरोबर घेऊन उतरले. मग क्षयानें बळी घेतले. कित्येक ताहितीकडे निघून गेले. १८७७ मध्यें शिरगणती झाली तेव्हां बेटावर एकशें अकरा माणसें उरलीं होतीं, आणि त्यांपैकीं अवघ्या छत्तिसांचाच वंश पुढें चालला असें सांगतात.

हें सारें माझ्या बोधकथेंत नव्हतें. ज्याचें घर लुटलें त्यालाच उधळ्या ठरवावें, तसें आम्ही लिहिलें होतें.

त्या जाणत्यांबरोबर जें गेलें त्यांत लिपीहि गेली. लांकडी फळ्यांवर बारीक आकृति कोरलेल्या. एक ओळ संपली कीं फळी उलटी फिरवून पुढची वाचावयाची. यास 'रोंगोरोंगो' म्हणतात. १८६४ मध्यें आलेल्या धर्मोपदेशकास अशा फळ्या घरोघर दिसल्या होत्या. पांच-एक वर्षांनीं ताहितीच्या बिशपाकडे नवख्रिस्ती लोकांनीं केसांच्या दोरीची भेट धाडली, ती दोरी ज्यावर गुंडाळली होती ती फळीच लिहिलेली निघाली. तोंवर वाचणारा उरला नव्हता. आज दोन डझनांच्या आसपास फळ्या जगांत आहेत, आणि त्यांपैकीं एकहि बेटावर नाहीं. वाचकांस कौतुक वाटेल अशी गोष्ट म्हणजे, १९३२ मध्यें गियोम द हेवेशी नांवाच्या गृहस्थानें या अक्षरांचें मोहेंजोदडोच्या मुद्रांवरील चिन्हांशीं नातें असल्याचें पॅरिसच्या पंडितांपुढें मांडलें व मोठी खळबळ उडविली. दोहोंच्या मध्यें हजारों वर्षें व अर्धी पृथ्वी आहे. तें नातें पुढें कोणी मानलें नाहीं. आपल्याकडे अजूनहि अधूनमधून कोणी हौशी लेखक तें उकरून काढतो. त्यांनीं कृपा करून रापा नुई लोकांची लिपी रापा नुई लोकांनाच ठेवावी.

१८८८ मध्यें चिलीनें बेट आपल्या राज्यास जोडलें. तेव्हां तेथील प्रमुखानें मातीसकट गवत उपटून गवत चिलीच्या अधिकाऱ्याच्या हातीं दिलें व माती स्वतःच्या अंगरख्यांत ठेवली, अशी आख्यायिका बाईनें सांगितली, आणि सांगतांना स्वतःहि मूठ मिटली. पुढें सारें बेट मेंढ्यांच्या कुरणासाठीं खंडानें दिलें गेलें. विल्यमसन-बॅलफोर कंपनीच्या मेंढ्या बेटभर चरत, आणि माणसें हांगा रोआच्या कुंपणांत राहत. १९१४ मध्यें आंगाता नांवाच्या वृद्धेस स्वप्नांत देवाची आज्ञा झाली आणि तिनें लोकांना उठवून कंपनीचीं गुरें घेवविलीं! तो उठाव दडपला गेला. कंपनी १९५३ मध्यें गेली, परंतु नागरिकत्वाचे पुरते हक्क मिळावयास १९६६ उजाडलें. त्या कुंपणाच्या दगडी भिंतीचा एक तुकडा बाईनें गाडी थांबवून दाखविला. त्याचें छायाचित्र कोणीच घेतलें नाहीं.

शेवटच्या दिवशीं ओरोंगोस गेलों. खालीं हजार फुटांचा कडा, समोर मोतु नुइ नांवाचा खडक. पूर्वीं दरवर्षीं तरुण येथून उतरून पोहत त्या खडकावर जात व समुद्रपक्ष्याचें पहिलें अंडें जो आणी त्याचा धनी वर्षभर 'पक्षिमानव' म्हणून मान पावे. येथील एका दगडी घरांत एक मोआइ होता. १८६८ मध्यें इंग्रजी लढाऊ जहाजाच्या लोकांनीं तो ओढून नेला. तो आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयांत आहे. २०१८ मध्यें बेटाचें शिष्टमंडळ तो परत मागावयास तेथवर जाऊन आलें. त्याचें घर आम्हांस दाखविलें; पाहण्यासारखें आंत कांहींच नाहीं, तरी सर्वांत अधिक वेळ आम्ही तेथें थांबलों.

परततांना बाईनें मला विचारलें, "तुमच्या देशांत लोक मागच्या किती पिढ्या ओळखतात?" मीं सांगितलें कीं, श्राद्धांत पिता, पितामह व प्रपितामह अशा तिघांचीं नांवें घ्यावीं लागतात, आणि कित्येक घरांतून वंशावळी याहून पुष्कळ मागें नेलेल्या असतात. तिनें बोटांवर मोजलें. तिच्या खापरपणजीचें नांव तिला ठाऊक होतें. ती त्या छत्तिसांतली. "तिच्या मागचीं नांवें ज्यांना पाठ होतीं," ती म्हणाली, "ते त्या गलबतांतून गेले."

मग ती उठली, गाडीच्या दाराशीं उभी राहिली आणि एकेकावर बोट ठेवीत आम्हांस मोजूं लागली. कोणी मागें राहिलें नाहीं अशी खात्री झाल्यावर तिनें गाडी हांकावयास सांगितलें.